हजारी ११२२ बायका: मिरवायचा आकडा की काळजीचा?

कातळसडा

रत्नागिरी जिल्ह्याची ओळख करून देणारी कुठलीही सरकारी पुस्तिका घ्या. क्षेत्रफळ ८,२०८ चौ. किमी, तालुके नऊ, २०११ ची लोकसंख्या १६,१५,०६९, साक्षरता ८२ टक्के. आणि मग ठळक अक्षरांत: हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, राज्यात पहिला नंबर. राज्याची सरासरी ९२९. भाषणात हा आकडा आला की हमखास टाळ्या पडतात, ‘कोकणात मुलीला मान आहे’ हे वाक्यही त्यालाच चिकटून येतं.

आता त्याच जनगणनेतली शून्य ते सहा वयाची पोरं बघा. तिथे हजार मुलग्यांमागे मुली ९३६. २००१ ला ९५२ होत्या. म्हणजे जन्माला येताना मुली कमीच, आणि त्या कमी होत चालल्यात. मग मोठेपणी ११२२ कुठून होतात? पुरुष मुंबईला गेलेले असतात, दुसरं काय. हा आकडा पुरुषांची गैरहजेरी मोजतो आणि आपण त्याला हार घालतो.

१९९१ ला हाच आकडा १२०५ होता, २००१ ला ११३६. उतरतोय म्हणून कुणाला वाटेल बाप्ये परत आले. तसं असतं तर २००१ च्या १६,९६,७७७ वरून दहा वर्षांत ऐंशी हजारांवर माणूस कमी झाला नसता. सिंधुदुर्गही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. त्या दशकात राज्यात घटलेला तिसरा जिल्हा एकच, मुंबई शहर. पूर्वी एकटा बाप्या जायचा, बायको शेत आणि सासू-सासरे सांभाळायची. आता बिऱ्हाडच जातं.

माझं म्हणणं एवढंच की हा आकडा मिरवणं बंद करा. त्या जागी गावात बारमाही राहणारी माणसं किती आणि कुठल्या वयाची, ते छापा.

घाटावरचा

आकडे बरोबर, पण तुमचा सूर पटला नाही. माणसं कमी झाली तर बिघडलं काय? जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला १९७, राज्याची ३६५. शिकलेला समाज, उशिरा लग्नं, लहान कुटुंबं, अशा ठिकाणी वाढ मंदावणारच. बाकी महाराष्ट्र हेच साधायला धडपडतोय. जिथे मिळकत आहे तिथे माणूस जातो, त्यात शोकांतिका कसली? दहावीच्या निकालात कोकण मंडळ स्थापनेपासून पहिलं आहे. ती पोरं शिकून भातखाचरात उतरतील अशी अपेक्षा आहे का?

आणि एक निरीक्षण, राग मानू नका. ‘गाव ओस पडलं’ म्हणून सर्वांत मोठ्याने रडणारे बहुतेक डोंबिवली-विरारला राहतात.

कातळसडा

@घाटावरचा, मी लांज्याला राहतो. आणि जाऊ नका असं मी कुणालाच म्हटलेलं नाही. गेलेत हे कागदावर दिसू द्या, इतकंच मागतोय. ‘सरप्लस स्त्रिया’ असलेला जिल्हा म्हणून योजना आखणं वेगळं आणि म्हाताऱ्यांचा जिल्हा म्हणून आखणं वेगळं.

मंडणगडी

दोघांचंही वाचलं. तुम्ही ‘गाव’ म्हणता ते एकसंध काहीतरी असल्यासारखं म्हणता. तसं ते कधीच नव्हतं. कुणब्यांची वाडी वेगळी, मराठ्यांची वेगळी, किनाऱ्याला भंडारी, बामणआळी मधोमध पाण्याजवळ, मोहल्ला खाडीला आणि आमची बौद्धवाडी सगळ्यांत शेवटी. या प्रत्येक वाडीचं मुंबईला जाणं वेगळं आहे.

आमचं जाणं म्हणजे सुटका होती. जमीन खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, राबणारा कुणबी नाहीतर महार, आणि वर वेठ. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर गेला. त्यात कोकणातले कुणबी आणि महार एकत्र चालले होते, हे आज दोन्हीकडचे विसरलेत. खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तोवर आमच्या दोन पिढ्या गिरणीत, गोदीत, रेल्वेत, महापालिकेच्या सफाईत लागून गेल्या होत्या. शहराने आम्हाला पगार दिला, आणि गावात जे नाव घेऊन हाक मारायचे ते तिथे कुणी मारलं नाही.

तेव्हा गाव रिकामं झाल्याचं दुःख ज्याचं तिथे काही होतं त्याला. माझ्या आज्याने वाडी सोडली तेव्हा मागे ठेवायला त्याच्याकडे एक झोपडं होतं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यातलं. तिथे जयंतीला या, ओस पडलंय का बघा.

कातळसडा

दादा, तुमचा मुद्दा खोडायचा नाही मला. पण तो १९५० पर्यंतचा झाला. नंतर कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला (काही बेदखल झाले, तो भाग आहेच). १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा आल्या, आंबा-काजूची कलमं लागली. म्हणजे ज्याला जमीन नव्हती त्यातल्या बऱ्याच जणांना ती मिळाली. तरी घट झाली ती २००१ नंतर, कोकण रेल्वे १९९८ ला सुरू होऊन रोजच्या गाड्या धावायला लागल्यावर! रेल्वे आली की माणसं राहतील असं आम्हाला सांगितलं होतं.

मंडणगडी

जमीन मिळाली खरी. केवढी, ते सांगा. पंधरा गुंठे, सातबाऱ्यावर तीस नावं, त्यातली दहा मयत आणि वारसनोंद नाही. एका हिस्सेदाराने सही अडवली की बँक कर्ज देत नाही आणि कलमंही लावता येत नाहीत. अशा जमिनीवर कोण राहील? ती पडच राहणार.

वाडीतली

सगळे पुरुष बोलताय, म्हणून लिहिते. मी संगमेश्वर तालुक्यात राहते, बारा महिने.

‘पुरुषांची गैरहजेरी मोजणारा आकडा’ हे वाचून हसू आलं. म्हणजे आम्ही कोण, उरलेल्या? मुंबईची मनीऑर्डर बंद पडली ती १९८२ च्या गिरणी संपात. त्यानंतर घरं कुणी चालवली? काजूच्या कारखान्यात हात काळे कुणाचे झाले? लावणी, कापणी, गुरं, सासऱ्याचं दुखणं, पोरांच्या शाळा, हे सगळं करणाऱ्या त्या ११२२ आहेत. आकडा मिरवू नका हे ठीक. पण त्यातून आम्हालाच पुसून टाकू नका.

आता गैरहजेरीचं बोलायचंच तर ग्रामसभेत या. मतदारयादीत अर्धी नावं मुंबईकरांची. निवडणुकीला गाड्या करून येतात, सरपंच ठरवून जातात. ग्रामसभेला मात्र कोरम भरत नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग आम्ही आठ-दहा बायका आणि ग्रामसेवक मिळून गावाचा आराखडा मंजूर करतो. पऱ्ह्यावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, पूर्वी मे महिन्यात वाडीने श्रमदानाने बांधायचा. आता बांबू तोडायलाच कुणी नाही, तेव्हा तीन पावसाळे साकव नाही आणि अंगणवाडीच्या बाई पलीकडून वळसा घालून येतात. अंगणवाडीत पोरं किती, विचारू नका. शाळेचा पट तर दहाच्या आत कधीच गेला. पट कमी म्हणून शाळा जोडायची भाषा होते, मग जी दोन घरं पोरांसाठी टिकून आहेत तीही चिपळूणला जागा बघायला लागतात.

खेडवाला

ताईंना सलाम. मोहल्ल्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून थोडक्यात. आमच्याकडे मुंबई हा फक्त थांबा होता. आधी जहाजावर खलाशी, मग दक्षिण आफ्रिका, केनिया, सत्तरनंतर कुवेत, सौदी, दुबई. खेड-दापोली-चिपळूणच्या खाडीकाठी मोठमोठे बंगले दिसतात, खाली एक म्हातारी आणि वर कुलूप. पण त्याच पैशातून हायस्कुलं उभी राहिली, मुली शिकल्या. बाहेर जाणं वाईट असतं तर आज आमच्या मुली डॉक्टर झाल्या नसत्या. इथे मी घाटावरच्या भाईंच्या बाजूने.

हर्णै बंदर

अहो, कुठलं ओस? पहाटे हर्णैला नाहीतर मिरकरवाड्याला या, पाय ठेवायला जागा नसते. खारवी, गाबीत, भंडारी, दालदी, सगळे इथेच आहेत आणि पोरंही इथेच आहेत. ओस पडलाय तो सडा (वरचं कातळी माळरान) आणि घाटाच्या पायथ्याचा पट्टा. एका जिल्ह्याची सरासरी काढून बंदरालाही त्यात ओढू नका.

कातळसडा

@हर्णै बंदर, बोटीवर खलाशी कोण आहेत तेही सांगा.

हर्णै बंदर

नेपाळी आहेत, कर्नाटकातले आहेत. लपवायचं काय त्यात? आमची पोरं तांडेल (बोटीचे प्रमुख) झाली, बोटमालक झाली, इंजिनिअर झाली. १ जूनला मासेमारीबंदी लागली की खलाशी गावी जातात, ऑगस्टात बोटी सुटायच्या वेळी परत येतात.

देवगडी

आमच्याकडे बागेत पण तेच. कलमांची राखण, फवारणी, काढणी, सगळां नेपाळ्यांच्या हातात. मालक बोरिवलीत, राखणदार बागेत. आता सांगा, देवगडात ‘रवता’ (राहतो) कोण?

गंमत म्हणजे जनगणनेची शिरगणती फेब्रुवारीत होते. तेव्हा आंबा मोहरावर-फळावर असतो, बोटी समुद्रात असतात, म्हणजे नेपाळचा गडी आपल्या जिल्ह्यात मोजला जातो. आणि गणपतीला, शिमग्याला जो गाव भरतो तो मुंबई-ठाण्यात. २०११ चा जो आकडा तुम्ही घट म्हणून धरताय, त्यात बाहेरून आलेले हे सगळे धरूनही घट आहे. इथल्या माणसांची खरी घट त्याहून मोठी असणार.

घाटावरचा

@देवगडी, हा मुद्दा मात्र जोरदार आहे. पण तो माझ्याच बाजूने जातो. जिथे काम आहे तिथे हिमालयातून माणूस येतो. काम नाही म्हणून लोक गेले हे पूर्ण खरं नाही. ते काम त्या मजुरीवर इथल्याला नको आहे. आणि त्याने ते नको म्हणण्यात काही गैर नाही.

वाडीतली

मजुरीचं नाव काढलंत म्हणून विचारते. बागेत बाईला किती देतात आणि गड्याला किती, ते कधी विचारून बघा. मग ‘नको आहे’ म्हणा.

मुंबईकर चाकरमानी

मूळ गाव राजापूर, मुक्काम नालासोपारा. सगळे आमच्यावर घसरलेत, तर ऐका. माणसं कमी झाली की नुसती शाळा जात नाही, आवाज जातो. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत रत्नागिरीच्या विधानसभेच्या सात जागांच्या पाच झाल्या, सिंधुदुर्गच्या चाराच्या तीन. ज्या राजापुरातून नाथ पै, मधु दंडवते, सुरेश प्रभू लोकसभेत गेले तो मतदारसंघच उरला नाही. आणि हे सगळं २००१ च्या आकड्यांवर झालं, जेव्हा आपण वाढत होतो, फक्त इतरांपेक्षा हळू! पुढची पुनर्रचना घटलेल्या आकड्यावर होईल तेव्हा काय होईल बघा.

म्हणून माझी सूचना: फेब्रुवारी २०२७ ला जनगणना आहे, या वेळी जातही नोंदणार आहेत. मंडळांनी गाड्या काढाव्यात, गणपतीसारखं सगळ्यांनी गावी यावं आणि तिथेच नाव घालावं.

घाटावरचा

असं होत नाही हो. माणूस जिथे नेहमी राहतो तिथे त्याची गणना होते. तुम्ही चार दिवस राजापूरला आलात म्हणून राजापूरकर होत नाही. उलट गाव फुगवून दाखवलंत तर उद्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहेत पण रुग्ण नाहीत अशी अवस्था.

वाडीतली

आमच्याकडे आत्ता रुग्ण आहेत आणि डॉक्टर नाहीत. ती अवस्था एकदा येऊन तर बघू दे.

मंडणगडी

आणि जात नोंदवायची आहे तर ती जिथे राहतो तिथेच नोंदवा. बौद्धवाडीतली रिकामी घरं मराठवाडीतल्या रिकाम्या घरांशेजारी एका आकड्यात घालून ‘जिल्हा ओस’ म्हणायचं, हे परत नको. कुठल्या वाडीतून किती गेले, कुठल्या वयाचे गेले आणि जमीन कुणाच्या नावावर राहिली, ही तिन्ही एकत्र बघायला मिळाली तर या धाग्यावरची निम्मी भांडणं मिटतील.

कातळसडा

निम्मी मिटतील, खरं. मनुष्यगणनेच्या आधी घरयादी होते, घर वापरात आहे की रिकामं हे त्यात लिहितात. चाकरमानी साहेब, गाडीचा खर्च वाचवा. प्रगणक दारात येईल तेव्हा ‘आम्ही येऊन-जाऊन असतो’ असं शेजाऱ्याकडून सांगायला लावू नका. घर बंद आहे तर बंद लिहू द्या.

मुंबईकर चाकरमानी

आणि पुढच्या पुनर्रचनेत आमदार आणखी कमी झाले की ते तुम्ही लांज्यातून निस्तरणार का? माझं घर बंद नाही. चावी शेजारच्या काकींकडे आहे, दर शनिवारी त्या दिवा लावतात, आणि पुढच्या वर्षी मी छप्पर बदलतोय. लिहा काय लिहायचं ते.