तेरा क्लब फिरलेला मिडफिल्डर: याला अपयश म्हणायचं का?

उशिराचा गोल:

जुन्या मॅचेस बघायचं व्यसन लागलंय. परवा ऑगस्ट १९९७ मधली बार्न्सली विरुद्ध वेस्ट हॅम बघत होतो. बार्न्सलीचा सर्वात वरच्या डिव्हिजनमधला इतिहासातला पहिला सामना. पहिला गोल नील रेडफर्नचा, मग वेस्ट हॅमने दोन मारून मॅच नेली. गोल करून धावणारा हा माणूस चांगलाच थोराड दिसत होता, म्हणून शोधलं तर वय ३२! आणि क्लबांची यादी बघा: बोल्टन, लिंकन, डॉनकॅस्टर, क्रिस्टल पॅलेस, वॉटफर्ड, ओल्डहॅम, बार्न्सली, चार्लटन, ब्रॅडफर्ड, विगन, हॅलिफॅक्स, बॉस्टन, रॉचडेल. लीगचे ७९० सामने.

आता माझा गोंधळ असा, की एवढे क्लब बदलणारा खेळाडू चांगला समजायचा की कोणालाच नको असलेला? हे जायचं-यायचं ठरवतं कोण? दर दोन वर्षांनी घरदार गुंडाळून निघायचं का? इंग्लंडमधल्या खालच्या डिव्हिजनचं जवळून माहीत असलेलं कोणी इथे असेल तर सांगा.

ऑफसाइड आजोबा:

यात एवढं कोडं काय आहे? हिऱ्याला कोणी हातचा सोडत नाही. गिग्ज मँचेस्टर युनायटेड सोडून कुठे गेला नाही. तेरा ठिकाणी फिरला म्हणजे तेरा जणांनी वापरून बघितला आणि पुढे ढकलला. मेहनती असेल, नाही म्हणत नाही.

मुरगळलेला घोटा:

आजोबा, गिग्जची फूटपट्टी इथे चालायची नाही. प्रीमियर लीगचे २० क्लब सोडले तर त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू मिळून ७२ क्लब आहेत, त्यांच्याही खाली नॅशनल लीग. तिथे खेळाडूला दहा वर्षं सांभाळायची ऐपतच नसते. हंगामाच्या निकालांवरून क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये गेला की वरच्या दर्जाची माणसं आणायची, खालच्या डिव्हिजनमध्ये आला की पगार कापायचे. दोन्ही वेळा बॅगा भरतो तो खेळाडूच.

मी उत्तर इंग्लंडमध्ये फिजिओ आहे. मध्यंतरी काही हंगाम लीग टूमधल्या एका क्लबात अर्धवेळ काम केलं. क्लबचं नाव सांगणार नाही आणि ज्याच्याबद्दल लिहितेय त्याचंही नाही.

इथले करार साधारण ३० जूनला संपतात. खालच्या डिव्हिजनमध्ये बहुतेकांचा करार एक नाहीतर दोन वर्षांचा, त्यामुळे दर उन्हाळ्यात अर्धा संघ अधांतरी. मे महिन्यात क्लब ‘रिटेन्ड लिस्ट’ काढतो, म्हणजे कोण राहणार आणि कोण जाणार. शेवटची मॅच झाली की त्याच आठवड्यात मॅनेजर एकेकाला खोलीत बोलावतो. बाहेर बाकीचे भिंतीला टेकून मोबाइल बघत उभे. आत गेलेला पाच मिनिटांत बाहेर येतो. तो सरळ बूटरूमकडे वळला आणि किटमॅनकडून, म्हणजे संघाचे कपडे-बूट सांभाळणाऱ्याकडून, काळी कचऱ्याची पिशवी मागून घेतली, की कोणी काही विचारत नाही. बूट, शिनगार्ड, शॉवरच्या चपला, सगळं त्या पिशवीत. मी होते तेव्हा एकाने पिशवीला भोक पाडून बुटांचे स्टड, म्हणजे तळाचे खिळे, बाहेर आलेले बघितले आणि दुसरी पिशवी मागितली. किटमॅन म्हणाला, “दोन घे, तुझ्या मागच्यालाही लागेल.” सगळे हसले. मागचाही हसला.

आमच्याकडे तिशी ओलांडलेला एक मिडफिल्डर होता. दोन्ही घोट्यांना टेप स्वतःच बांधायचा, मला हात लावू द्यायचा नाही. दर क्लबात फिजिओ नवा, प्रत्येकाची बांधायची तऱ्हा वेगळी आणि त्यात शनिवारी मॅचला घोटा वेगळाच वाटतो, असं त्याचं म्हणणं. बांधायचा मात्र माझ्यापेक्षा चांगलं. मार्चमध्ये मांडीमागचा स्नायू धरला तेव्हा टेबलावर पालथा पडल्या पडल्या हळूच म्हणाला, “किरकोळ आहे, कागदावर नको घेऊस.” करार जूनमध्ये संपणार, पुढचा क्लब घेण्याआधी मेडिकल करणार, आणि वय झालेल्या माणसाच्या कागदावर ‘हॅमस्ट्रिंग’ दिसलं की बोलणी थंडावतात. मी लिहिलं, लिहावंच लागतं. नंतर बरेच दिवस माझ्याशी तो कामापुरतंच बोलायचा.

खरी गंमत पुढे आहे. त्याच्या करारात एक कलम होतं: हंगामात ठरावीक सामने सुरुवातीपासून खेळला तर करार आपोआप एक वर्ष वाढणार. खालच्या डिव्हिजनमध्ये असली कलमं सर्रास असतात. तो आकडा जवळ आला आणि साहेब अचानक बेंचवर. स्नायू तोवर बरा झाला होता, मीच त्याला खेळायला मोकळं केलं होतं. मॅनेजर म्हणाला, पोरांना संधी द्यायचीय. स्थानिक पेपरात आलं की त्याचा फॉर्म गेलाय. मे महिन्यात सोडलं. आता आजोबांसारखं कोणी यादी बघून म्हणेल, इथेही ढकलला वाटतं!

घराबद्दल. इंग्लंडचा नकाशा काढा आणि रेडफर्न जिथे जन्मला ते ड्यूझबरी शोधा. बार्न्सली, ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, ओल्डहॅम, रॉचडेल, बोल्टन, डॉनकॅस्टर, विगन ही सगळी गावं तिथून गाडीने तासाभराच्या आतबाहेर. एम ६२ हा रस्ता डोंगर ओलांडून यॉर्कशरला लँकशरशी जोडतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना क्लबच क्लब. या भागातला खेळाडू घर न हलवता पाच-सहा क्लब करू शकतो. तीन-चार जण एका गाडीत बसून सरावाला जातात, पेट्रोलचे पैसे वाटून घेतात. मुलांची शाळा तीच राहते. दक्षिणेकडच्या क्लबाची ऑफर आली की मात्र घरात खरी चर्चा. दोन वर्षांच्या करारावर घर विकायचं, की आठवडाभर भाड्याच्या खोलीत राहून शनिवारी रात्री परत यायचं? आमचा मिडफिल्डर कुठलीही ऑफर आली की आधी पगार विचारायचा नाही. सरावाचं मैदान मोटरवेच्या कुठल्या एक्झिटला आहे ते विचारायचा.

उशिराचा गोल:

बापरे. ते कलमाचं प्रकरण वाचून राग आला. पण दोन शंका. एक म्हणजे रेडफर्न बार्न्सलीत सात हंगाम होता, २९२ लीग सामने आणि ७१ गोल. मग तो या जातीचा कसा? दुसरी, ओल्डहॅमला वर नेणारा गोल त्याचाच होता असं वाचलं. तरी त्यांनी विकला?

जुनी स्कोरकार्डं:

वर नेणारा नाही, विजेतेपद देणारा. प्रमोशन आधीच नक्की झालं होतं. ११ मे १९९१, सेकंड डिव्हिजनचा (तेव्हाची वरून दुसरी) शेवटचा दिवस, ओल्डहॅमच्या बाउंडरी पार्कवर शेफील्ड वेन्सडेविरुद्ध. मैदान तेव्हा प्लॅस्टिकच्या गवताचं. ओल्डहॅम ०-२ ने मागे, मग २-२, आणि भरपाईच्या वेळेत (इंज्युरी टाइम) पेनल्टी. रेडफर्नने मारली, ३-२. विजेतेपद वेस्ट हॅमच्या हातून निसटलं ते तिथे. ओल्डहॅम १९२३ नंतर पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनमध्ये जात होतं. आणि सप्टेंबरमध्ये हा पठ्ठ्या बार्न्सलीत, परत सेकंड डिव्हिजनमध्ये. वर गेलेल्या क्लबांची रीतच ही. ज्यांनी शिडी चढवली त्यांचे आभार मानायचे आणि नवीन माणसं विकत घ्यायची.

पण तुम्ही ‘ठरवतं कोण’ विचारलंत, त्याला इतिहास आहे. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त देताच येत नसे. वर ‘रिटेन अँड ट्रान्सफर’ पद्धत: करार संपला तरी नोंदणी क्लबच्या मुठीत. क्लब पगारही देणार नाही आणि सोडणारही नाही, असं चालायचं. जॉर्ज ईस्टमने न्यूकॅसलविरुद्ध कोर्टात जाऊन १९६३ मध्ये त्यातला अडवून ठेवायचा भाग बेकायदा ठरवून घेतला. १९९५ च्या युरोपियन कोर्टाच्या बॉसमन निकालानंतर करार संपलेला खेळाडू फुकट, म्हणजे जुन्या क्लबला पैसे न मिळता, दुसरीकडे जाऊ लागला. मोठ्या खेळाडूंचं त्यात सोनं झालं. खालच्यांचं म्हणाल तर क्लबांना समजलं की विकून पैसे येणारच नसतील तर लांबचा करार द्यायचाच कशाला?

आणि आजोबा, टोनी फोर्ड माहीत आहे? १९७५ मध्ये सोळाव्या वर्षी ग्रिम्झबीकडून सुरुवात, २००१ मध्ये रॉचडेलला शेवट. मध्ये स्टोक, वेस्ट ब्रॉम, स्कन्थॉर्प, मॅन्सफील्ड. आधी विंगवर, मग मधल्या फळीत, शेवटी राइट बॅक. लीगचे ९३१ सामने. इंग्लिश लीगमध्ये त्याच्या पुढे एकटा पीटर शिल्टन, १००५ सामन्यांवर, आणि तो गोलरक्षक. नको असलेल्या माणसाला ९३१ वेळा कोणी संघात घेतं का?

ऑफसाइड आजोबा:

शिल्टनही पुष्कळ क्लब फिरला हे विसरलो नाही मी. पण तो इंग्लंडकडून खेळला. तुमचा फोर्ड इंग्लंड ‘बी’च्या, म्हणजे दुय्यम संघाच्या, पुढे गेला का? नाही ना. मग मी काय वेगळं म्हणतोय?

मुरगळलेला घोटा:

आजोबा, तुम्ही ‘किती वर गेला’ हे मोजताय. मी शनिवारी संघाच्या यादीत नाव होतं का ते बघते. मॅनेजरची नोकरी पुढच्या तीन निकालांवर अडकलेली असते. तो दया म्हणून कोणाला खेळवत नाही.

रेडफर्नचंच बघा. बार्न्सली १९९७ मध्ये वर आलं, एका हंगामात खाली गेलं. नुकत्याच वर आलेल्या चार्लटनने त्याला दहा लाख पौंडांना घेतलं, तेव्हा तो ३३ चा. तेही खाली गेले. मग नुकतंच वर आलेलं ब्रॅडफर्ड. सलग तीन हंगाम, तीन नवखे क्लब, तिघांनाही हाच हवा होता. अशा संघात निम्मा वेळ चेंडू समोरच्याकडे असतो. तिथे ९० मिनिटं जागा न सोडणारा, फ्रीकिक-पेनल्टी घेणारा आणि ०-३ असताना लपून न बसणारा मिडफिल्डर लागतो. प्रतिभावान पोरं लपतात हो, टचलाइनवरून स्वच्छ दिसतं. चेंडू घ्यायला येतात, पण बरोबर बचावपटूच्या सावलीत उभी राहतात, म्हणजे पास द्यायचा कोणाला हा प्रश्नच मिटला.

मार्च २००० मध्ये ब्रॅडफर्डमधून तो विगनला गेला, म्हणजे प्रीमियर लीगमधून थेट दोन पायऱ्या खाली. वय ३४. पुढे चार वर्षं लीगमध्ये खेळलाच. बॉस्टनला मॅनेजर होता नील थॉम्पसन, बार्न्सलीतला जुना सहकारी. हे जाळं फार महत्त्वाचं. फोन येतो तो बरोबर खेळलेल्या माणसाचा. एजंट नंतर.

बार्न्सलीची सात वर्षं अपवाद आहेत हे मान्य. अशांपैकी एखाद्यालाच एखादं गाव असं सापडतं, बहुतेकांना नाही सापडत. आता तरुण मुलांची यादी तर आणखी लांब दिसते, कारण लोन, म्हणजे एका क्लबचा खेळाडू काही काळ दुसऱ्याकडे उसना. २०१६ पर्यंत ट्रान्सफरची खिडकी, म्हणजे खेळाडू घ्यायचा ठरलेला काळ, बंद असतानाही महिन्याभरासाठी लोनवर पोरगा उचलता यायचा, त्यामुळे त्या काळातल्या कित्येकांच्या नावापुढे चार-चार सामन्यांचे क्लब आहेत. त्यावरून खेळाडूचा दर्जा काढू नका.

उशिराचा गोल:

आता यादी वेगळ्याच नजरेने बघतोय. पुढे रेडफर्नचं काय झालं? आणि तुमच्या त्या मिडफिल्डरचं?

मुरगळलेला घोटा:

रेडफर्न प्रशिक्षक झाला. लीड्सच्या अकॅडमीत बरीच वर्षं होता. लुईस कुक, ॲलेक्स मोवॅट, सॅम बायरम ही पोरं त्याच्या हाताखालून पुढे आली. २०१४-१५ मध्ये लीड्सच्या मुख्य संघाचा मॅनेजरही होता, हंगाम संपल्यावर त्या जागी दुसरा आला. त्यालाही मे महिना चुकला नाही.

आमच्या माणसाला सोडल्यावर जुलैचा पगार मिळाला. चांगली ऑफर न देता सोडलं तर करार संपल्यावर महिन्याभराचा मूळ पगार द्यावा लागतो, मधेच दुसरा क्लब मिळाला तर तोपर्यंतचाच. त्या महिन्यात तो रोज सकाळी गावातल्या पार्कात एकटा पळायचा आणि मला मेसेज टाकून स्नायूचे व्यायाम विचारायचा. क्लबचं मेडिकल कव्हर संपलेलं, मी काय ते फोनवरच सांगायचे. ऑगस्ट उजाडायच्या आधी नॅशनल लीग नॉर्थमधल्या एका क्लबात गेला, जुन्या रूममेटच्या ओळखीने. सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, दिवसा एका शाळेत पीटीची नोकरी. कोचिंगच्या कोर्सची थोडी फी खेळाडूंची युनियन, म्हणजे पीएफए, भरते म्हणाला.

ऑफसाइड आजोबा:

हे युनियनचं चांगलं आहे. बाकी गिग्जवर मी ठाम आहे. ती ओल्डहॅमची पेनल्टी बघायला मिळेल का कुठे?

जुनी स्कोरकार्डं:

मिळेल. ओल्डहॅम, शेफील्ड वेन्सडे आणि १९९१ टाकून शोधा. शेवटच्या पाच मिनिटांवर उडी मारू नका, ०-२ पासून बघा.