सोडायचं ठरवूनच तलाठ्याची नोकरी घेणं: यात गैर काय?

कोरडवाहू
धाकट्या भावाची तलाठी म्हणून निवड झाली आहे. (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असं झालंय, पण गावात तसं कोण म्हणतंय!) त्यानं राज्यसेवेची मुख्य परीक्षा दिलीय. आत्ता रुजू व्हायचं आणि वरचा निकाल लागला की राजीनामा टाकायचा, हा त्याचा बेत पक्का आहे. आई-अण्णा खूश. मला मात्र हे पटत नाही.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. खुल्या प्रवर्गाची फी हजार रुपये. अर्ध्या-एक गुणानं राहिलेली पोरं प्रतीक्षा यादीकडे डोळे लावून बसतात. त्या यादीला मुदत असते. ती संपल्यावर कुणी नोकरी सोडली, तर जागा थेट पुढच्या जाहिरातीपर्यंत रिकामी. ना त्या पोराला नोकरी, ना गावाला तलाठी. माहीत असून असं करणं मला तरी बरोबर वाटत नाही. तुमचं काय मत?

पेठेतला अभ्यासू
दादा, तुम्ही नोकरीत आहात ना? मग हे सुचणं सोपं आहे.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, मेस आणि अभ्यासिकेचे पैसे घरून मागवून बघा. वय वाढतं, चुलते विचारतात, 'काय, लागला का निकाल?' आणि निकाल लागला तरी काय? राज्यसेवा २०१९ चा अंतिम निकाल जून २०२० मध्ये आला. ४१३ जण निवडले गेले. मराठा आरक्षणाच्या स्थगितीत सगळं अडकलं आणि वर्ष उलटलं तरी नियुक्तिपत्रं नव्हती. उपजिल्हाधिकारी म्हणून निवड झालेली माणसं घरी बसून होती. अशा व्यवस्थेत हातातली नोकरी सोडून वाट बघत बसा, असं सांगणार? तुमच्या भावानं ती जागा गुणांवर मिळवलीय, कुणाच्या ताटातली ओढून घेतलेली नाही.

निवृत्त मंडळ अधिकारी
महसुलात हयात गेली म्हणून लिहितो.

नवा तलाठी आला की पहिले काही महिने तो शिकतच असतो. फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) कसा धरायचा, पंधरा दिवसांची नोटीस, हरकत आली तर काय, कोणत्या गटात कुणाचा बांध कुणी कोरलाय. हे शेवटचं कुठल्या पुस्तकात नसतं, ते कोतवाल सांगतो. माणूस जरा तयार झाला की निघून जातो. मग सजाचा, म्हणजे त्याच्याकडच्या गावांचा, अतिरिक्त कार्यभार शेजारच्या तलाठ्याकडे. त्याच्याकडे आधीच तीन-चार गावं. अवकाळी पडला की पंचनामे त्यानंच करायचे आणि वारस नोंदीसाठी आलेली म्हातारी ताटकळत बसते. नुकसान कुणाचं, तर तिचं.

तरी सोडून जाणाऱ्यांवर माझा राग नाही. खरा त्रास दिला तो न सोडणाऱ्यांनी. टेबलाच्या खणात चालू घडामोडींचं मासिक, मोबाइल बंद, दर परीक्षेआधी वैद्यकीय रजा. चार-चार वर्षं असे काढलेले पाहिलेत. एक वेळ लवकर जाणारा परवडला.

सांजवेळ
+१, खणातल्या मासिकासाठी.

वकील साहेब (हौशी)
कोरडवाहूंच्या बाजूनं एक दाखला. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये निकाल दिला. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायचे, अशी अट होती. अधिकारी आधीच सोडून दुसऱ्या बँकेत गेला, पैसे भरले आणि मग अटीला आव्हान दिलं. उच्च न्यायालयात जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला. सार्वजनिक बँकेला जाहिरात, परीक्षा, मुलाखत या सगळ्या रीतसर प्रक्रियेतूनच माणूस घ्यावा लागतो. तो अवेळी गेला तर पुन्हा तोच खर्च. म्हणून अट वैध.

पेठेतला अभ्यासू
साहेब, हा दाखला माझ्या बाजूचा आहे! न्यायालयानं 'सोडू नका' म्हटलं नाही. पैसे भरा आणि जा. किंमत ठरलेली असताना नीती मधे आणायची कशाला?

कोरडवाहू
ते दोन लाख बँकेला मिळतात. आपल्याकडे प्रतीक्षा यादीतल्या पोराला कोण काय देतं? त्या म्हातारीला?

मिनी
जरा खासगी नोकरीकडेही बघा. मी भरतीचंच काम करते, हिंजवडीत. आम्ही उमेदवाराला नव्वद दिवसांच्या नोटिशीत बांधतो, आणि प्रोबेशनमध्ये आम्हाला नको झाला तर महिन्यात घरी पाठवतो. ऑफर लेटर देऊन रुजू होण्याची तारीख महिनोन् महिने ढकलणाऱ्या कंपन्या आहेत. निष्ठा एकाच बाजूनं कशी मागायची?

दुसरं, कुणी म्हणेल, 'सोडणार असाल तर आधीच खरं सांगून टाकावं.' हे बोलायला छान. नुकतं लग्न ठरलेल्या मुलीनं 'वर्षभरात नवऱ्याच्या गावी जाईन' असं मुलाखतीत सांगितलं तर तिला कोण घेतं? मी टेबलाच्या या बाजूला बसते, मला माहीत आहे. काही न विचारता, काही न सांगता गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांत मी फरक करते. 'पाच वर्षं इथेच राहणार' असं शपथेवर सांगून सहाव्या महिन्यात निघालात तर मात्र चीड येते.

पण सरकारी जागेचं कोरडवाहू म्हणतात ते पटतं. आमच्याकडे जागा महिन्याभरात भरते. तिथे दोन-दोन वर्षं रिकामी.

पेठेतला अभ्यासू
मग रिकामी का राहते ते विचारा की! एमपीएससीनं अंतिम निकालाआधी भरतीतून बाहेर पडण्याचा पर्याय दिलाय, त्यानं खालच्या मुलाला संधी मिळते. तसाच तलाठी भरतीतही द्या. प्रतीक्षा यादी लांबवा. जागा दरवर्षी भरा. शासन भरती रखडवणार आणि नैतिकतेचं ओझं बावीस-चोवीसच्या पोरानं वाहायचं?

कोरडवाहू
पर्याय दिला असता तर तू घेतला असतास?

पेठेतला अभ्यासू
वरचं पद हातात आल्यावर, हो. त्याआधी नाही. उगाच कशाला खोटं बोलू.

निवृत्त मंडळ अधिकारी
वाद चालू द्या, कामाचं सांगतो. रुजू होतानाच, आधी दिलेल्या परीक्षांची माहिती लेखी द्यायची, पोहोच घ्यायची. पुढे निवड झाली की रीतसर परवानगीनं कार्यमुक्त होता येतं, मागची सेवाही वाया जात नाही. शासनानं स्वतःच ही वाट ठेवलीय, तेव्हा जाणं हा गुन्हा नाही. मात्र जाताना दप्तराचा पूर्ण पदभार द्यायचा. प्रलंबित फेरफारांची यादी करून, सही घेऊन. हे शंभरात किती जण करतात ते मला विचारू नका.

कोरडवाहू
भावाला हा प्रतिसाद वाचायला दिला. पदभाराचं कबूल आहे म्हणाला. लेखी द्यायला तयार नाही. म्हणतो, तहसीलदारांना कळलं तर लांबची सजा देतील आणि मुलाखतीच्या वेळी रजा अडवतील.

मिनी
आणि त्याची ही भीती खोटी आहे असं मंडळ अधिकारी छातीवर हात ठेवून सांगू शकतील?

निवृत्त मंडळ अधिकारी
नाही सांगू शकत. तरी लेखीच द्यावं.