यूके स्पाउस व्हिसा: नवऱ्याची नोकरी बदलून चारच महिने झालेत, आता अर्ज करावा का?

कृष्णाकाठ:
नवरा लेस्टरला असतो, त्याला आयएलआर (तिथे कायम राहण्याची परवानगी) मिळालेलं आहे. मी सांगलीत. आधीच्या नोकरीत त्याला वर्षाला २७,००० पौंड होते. चार महिन्यांपूर्वी नोकरी बदलली, आता ३२,५०० आहेत. स्पाउस व्हिसासाठी त्याच्या वार्षिक उत्पन्नाची अट २९,००० ची, म्हणजे प्रश्न मिटला असं तो म्हणतो. एजंट म्हणतो थांबा, पण कारण सांगत नाही. माझा इथला पगार धरतात का? पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, ते आधी बदलावं लागेल का? आणि इंग्रजीसाठी बी.कॉम. चालेल का?

हिशेबनीस:
एजंटचं बरोबर आहे. उत्पन्न दाखवायचे ठरलेले प्रकार आहेत. एकाच मालकाकडे सहा महिने पूर्ण असतील तर कॅटेगरी ए. तिथे सहा महिन्यांच्या पे-स्लिप, त्याच काळातली बँक स्टेटमेंट आणि मालकाचं पत्र पुरतं. सहा महिने झाले नसतील तर कॅटेगरी बी, आणि तिच्यात दोन चाळण्या आहेत. आजचा वार्षिक पगार किमान २९,००० हवा, शिवाय मागच्या बारा महिन्यांत हातात आलेला एकूण करपूर्व पगारही २९,००० हवा.

तुमचा हिशेब मांडू. जुन्या नोकरीचे आठ महिने, दरमहा २,२५० प्रमाणे १८,०००. नव्या नोकरीचे चार महिने, दरमहा साधारण २,७०८ प्रमाणे १०,८३३. बेरीज २८,८३३. दीडेकशे पौंडांनी दुसरी चाळणी हुकते, आणि इथे 'थोडंसंच कमी आहे' हे कुणी ऐकून घेत नाही. पाचवा पगार जमा झाला की तीच बेरीज २९,२९१ होते, मग बी बसते. पण बीमध्ये जुन्या मालकाचंही पत्र लागतं, आणि सोडून गेलेल्या माणसासाठी पत्र काढायला कंपन्या फार उत्सुक नसतात. माझं मत: सहा महिने पुरे होऊ द्या आणि एमधून जा.

तुमचा सांगलीतला पगार धरत नाहीत. बचत धरतात, पण फक्त बचतीवर अर्ज करायचा तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात पडून असावे लागतात.

शिक्का_मोर्तब:
मालकाचं ते पत्र नीट वाचून घ्या, बरेचदा एचआरवाले दोन ओळींत उरकतात. नोकरी कधीपासून, करपूर्व वार्षिक पगार किती, तो पगार कधीपासून मिळतो, नोकरी कायम आहे की कंत्राटी, हे चारही मुद्दे हवेत. पे-स्लिपवरची निव्वळ रक्कम बँकेत जशीच्या तशी दिसली पाहिजे. तारखांचंही बघा: शेवटची स्लिप आणि शेवटचं स्टेटमेंट अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांच्या आतलं हवं. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरल्याचा दिवस, व्हीएफएसला (व्हिसा अर्ज केंद्रात) बोटांचे ठसे द्यायला जाल तो नव्हे.

पासपोर्ट बदलायची गरज नाही. फॉर्म पासपोर्टवरच्या नावाने भरा आणि 'इतर नावे' या रकान्यात सासरचं नाव लिहा. आपल्याकडे मधल्या नावात वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, कधी पहिलं नावही बदलतं. तिकडच्या अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका वाटू शकतात, म्हणून कव्हर लेटरमध्ये एका वाक्यात खुलासा करा. लग्नाच्या नोंदणीचा दाखला निव्वळ मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा, त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क हवा. लग्नपत्रिका चार फोटोंसोबत जोडा हवी तर, दाखल्याच्या जागी नको.

बी.कॉम. तशीच चालत नाही. ती ब्रिटिश पदवीच्या तोडीची आहे आणि इंग्रजीतून शिकवली गेली, असं एक्टिसचं (परदेशी पदव्यांचा दर्जा ठरवणाऱ्या ब्रिटिश संस्थेचं) प्रमाणपत्र लागतं. तीन वर्षांच्या पदवीला दरवेळी तो दर्जा मिळतोच असं नाही. त्यापेक्षा आयेल्ट्स लाइफ स्किल्स ही इंग्रजीची परीक्षा ए१ या सुरुवातीच्या पातळीची द्या, फक्त बोलणं आणि ऐकणं असतं. नेहमीची अ‍ॅकॅडमिक आयेल्ट्स बुक करू नका, ती इथे धरत नाहीत. जमत असेल तर थेट वरची ए२ द्या, अडीच-पावणेतीन वर्षांनी मुदतवाढीला तीच पातळी लागते.

कृष्णाकाठ:
बारा महिन्यांची बेरीज कुणीच सांगितली नव्हती! मग थांबतेच. टीबीची तपासणी आत्ता उरकून ठेवू का? आणि तो मोठ्या दिरांच्या घरात राहतो, ते चालेल?

हिशेबनीस:
टीबी आत्ता नको. प्रमाणपत्र सहाच महिने चालतं. अर्जाच्या महिनाभर आधी करा, तेही यूकेने मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच. एक्स-रेत शंका आली तर थुंकीचं कल्चर (जंतू वाढतात का याची तपासणी) होतं आणि त्यात दोन महिने जाऊ शकतात.

शिक्का_मोर्तब:
दिरांचं घर चालतं. घर त्यांच्या नावावर असल्याचा कागद, दोघांनी राहायला हरकत नसल्याचं त्यांचं पत्र, आणि खोल्या किती व माणसं किती याचा तपशील द्या. तुम्हा दोघांना स्वतंत्र खोली हवी. माणसं मोजताना दहा वर्षांखालचं मूल अर्धं धरतात, वर्षाखालचं धरतच नाहीत.

पैशाची तयारी ठेवा: एप्रिल २०२५ च्या दरांनी फी १,९३८ पौंड आणि आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आगाऊ भरायची रक्कम) ३,१०५. व्हिसा ३३ महिन्यांचा, पण अधिभार तीन पूर्ण वर्षांचा घेतात. अर्ज नाकारला तर अधिभार परत मिळतो, फी नाही. आणि 'तोवर व्हिजिटर व्हिसावर जाऊन तिथूनच बदलून घेऊ' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, तसं करता येत नाही.