अनुभव धागा: पाचवी ते आठवीच्या पोरांनी खरंच केलेली कामं

शाळेतल्या मुलांनी गावासाठी, सोसायटीसाठी केलेलं एखादं काम तुम्ही जवळून पाहिलंय? लिहा. प्रभातफेरी, घोषणा आणि बॅनरसमोरचा फोटो यांचे किस्से पोतंभर आहेत, ते नकोत. फसलेलं काम चालेल.

---

रत्नागिरी जिल्ह्यात सातवीपर्यंतची शाळा, मी तिथे शिक्षक. पऱ्याला, म्हणजे आमच्याकडच्या ओढ्याला, धार असते तोवरच वनराई बंधारा (माती भरलेल्या गोण्यांचा कच्चा बांध) घालायचा. उशीर झाला की अडवायला पाणीच उरत नाही. सामान म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, घमेली, फावडी, सुतळी, दाभण. पहिल्या वर्षी आम्ही गोण्या गच्च भरून एकावर एक सरळ रचल्या. गच्च गोणी फुगून गोल होते, शेजारच्या गोणीला चिकटत नाही. तिसऱ्या दिवशी फटीतून पाणी सुटलं आणि बांध बसला.

पुढच्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने सगळं हातात घेतलं. वडील गवंडी. गोणी पाऊणच भरायची, तोंड दाभणाने शिवायचं, आणि खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची बसवायची. "गुरुजी, चिऱ्याची भिंत अश्शीच तर बांधतात." फटींत गवत आणि चिकणमाती. मग दर शनिवारी पोरं शेजारच्या विहिरीत गाठी मारलेली दोरी सोडायची आणि आकडा वहीत लिहायची. आलेख त्या वर्षी वेगळा शिकवावा लागला नाही.

एक पालक मात्र "पोरगं शिकायला पाठवलंय, घमेली उचलायला नाही" म्हणून भांडून गेले. त्यांचंही चुकलं नाही, आधी विचारायला हवं होतं.

---

पुणे. गणपतीत लेकीच्या सातवीच्या वर्गाने आमच्या सोसायटीत अमोनियम बायकार्बोनेट वाटलं. प्लास्टरची मूर्ती नदीत न सोडता बादलीत या द्रावणात ठेवायची, अधूनमधून ढवळायचं. दोनेक दिवसांत विरघळते. खाली खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खतच. पोरींनी घरोघरी एकच पालुपद लावलं होतं: "काकू, हा खायचा सोडा नाही हं!" तरी दुसऱ्या मजल्यावर एकांनी खायचाच टाकला आणि बाप्पा चार दिवस जसेच्या तसे. वासाबद्दल मात्र पोरींनी कोणाला बजावलं नव्हतं. आमच्या बाल्कनीत अमोनियाने डोळ्यांतून पाणी काढलं.

---

माझा अनुभव सासूबाईंचा. उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात शाळेने आठवीच्या मुलांना घरातलं किंवा शेजारचं एक निरक्षर माणूस शिकवायला सांगितलं. नातीने आजीला धरलं. रात्री जेवणं झाली की दोघी पाटीवर. नातीचा आवाज चढायचा, मग आजी म्हणायची, "तुला मी चालायला शिकवलं तेव्हा ओरडले होते का गं?" 17 मार्च 2024 ला परीक्षा, 150 गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान. सासूबाई इरकली नेसून शाळेत गेल्या, पेन्सिल दोन्ही बाजूंनी टोकदार करून. वजाबाकीत अडल्या, पण पास झाल्या. आता बँकेत अंगठ्याची शाई पुढे केली की त्यांचा अपमान होतो. सही करायला तीन मिनिटं लागतात, मागे रांग लागते, त्यांना फिकीर नाही.

---

आम्ही अमेरिकेत, मेरीलँडला. इथे शाळा संपेपर्यंत 75 तास सेवाकार्य भरावंच लागतं, आणि मोजणी मिडल स्कूलपासून सुरू होते. मुलगा अन्नपेढीत (फूड बँकेत) लोकांनी दान दिलेल्या डब्यांच्या मुदतीच्या तारखा तपासायचा. पहिले दोन महिने फक्त तास मोजत होता, फॉर्मवर सही झाली की गाडीत. नंतर एकदा घरी येऊन म्हणाला, "लोक तारीख उलटलेलेच डबे का देतात?" मी काही बोलले नाही, आमच्या फडताळातलेही दोन त्यात गेले होते.

---

रत्नागिरीच्या गुरुजींना एक विचारायचंय, गोण्या किती लागल्या? आमच्या शाळेमागेही ओढा आहे.

---

पात्र लहान होतं, सव्वाशेत भागलं. बांधकामावर मागितल्या की मिळतात, फाटक्या तिथेच वेगळ्या काढा. आणि दाभणं दोन जास्त घ्या, पाण्यात पडतातच.