पट्टा नाही, म्हणून शेव्हर्स दुय्यम?

अमेरिकन हेवीवेट बॉक्सर अर्नी शेव्हर्सला जगज्जेतेपदाचा पट्टा कधीच मिळाला नाही, म्हणून तो दुय्यम, हे मत मला अजिबात पटत नाही. ७०च्या आसपास नॉकआउट काही नुसत्या दुबळ्यांना पाडून होत नाहीत. १९७९च्या मार्चमध्ये त्याने माजी जगज्जेत्या केन नॉर्टनला पहिल्याच फेरीत झोपवला!

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या लॅरी होम्सशी झालेली लढत बघाच. सातव्या फेरीत शेव्हर्सचा उजवा ठोसा बसतो आणि होम्स पाठीवर सपशेल आडवा. तो उठला, पाय लटपटत होते तरी टिकला आणि अकराव्या फेरीत जिंकला. होम्सच्या जिद्दीला सलाम, पण तो ठोसा विसरता येत नाही.

शेव्हर्सचा दम कमी पडायचा, हे मान्य. तरी १९७७ मध्ये तो मुहम्मद अलीपुढे पूर्ण पंधरा फेऱ्या उभा राहिला, निकाल गुणांवर गेला.

पुण्यात कॅम्पातल्या एका छोट्या हॉलमध्ये मी काही वर्षं सराव केला. आमचे सर बॅगमागे खांदा लावून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हातानं नको, टाचेपासून मार." ठोशाची ताकद पायातून येते, हा त्याचा अर्थ मला शेव्हर्सचा उजवा हात बघून कळला.