एम५१ या दीर्घिकेचा नुसता धुरकट ठिपका येतोय. मोठी नळी घेऊ, फिल्टर घेऊ की आणखी काही?

धायरीची गच्ची

नमस्कार मंडळी. धायरीत राहतो, गच्ची सोसायटीची पण किल्ली माझ्याकडे. सामान असं: १५० मिमीची एफ/५ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण, नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट), एचईक्यू५ माउंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी मोटारीची बैठक), कोमा करेक्टर (कडेचे तारे लांबट होऊ न देणारं भिंग) आणि कॅनन १५००डी, आहे तसाच, आतला फिल्टर न काढलेला. चंद्र, गुरू, मृगातला तेजोमेघ हे सगळं झालं आणि बरं आलं. आता दीर्घिकांच्या मागे लागलोय आणि तिथे गाडं अडलंय.

एम५१ वर आयएसओ ८०० ला ३०-३० सेकंदांच्या फ्रेम्स, एकूण सव्वा तास, स्टॅकिंग (सगळ्या फ्रेम्स एकत्र करून एक फोटो) सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये. दोन गाभे स्पष्ट दिसतात, मोठीचा आणि तिला चिकटलेल्या छोट्या दीर्घिकेचा, एनजीसी ५१९५ चा. सर्पिल भुजा आहेत असं आधी मनाशी धरलं तर दिसतात. फोटोतलं अंधूक उजळवायला म्हणून तो जरा ताणायला गेलो की आकाश तपकिरी होतं आणि एका कोपऱ्यातून सिंहगड रस्त्याचा उजेड वर चढतो.

चाळीस हजार बाजूला पडलेत. दुकानदार म्हणतो ड्युअल नॅरोबँड फिल्टर घ्या, तो शहरवाल्यांसाठीच आहे. मित्र म्हणतो ८ इंची नळी घे. गायडिंग (दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहणं) अजून केलेलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा (गच्चीवर नको, तिथे भरपूर आहे).

ओतूरचा वायरमन

आधी फिल्टरचं संपवतो. तो हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा हिरवट-निळा असे दोन बारीक पट्टे सोडतो, बाकी सगळं अडवतो. तेजोमेघ त्याच पट्ट्यांत चमकतात, म्हणून मृगाला तो लागू पडेल. दीर्घिकेचा उजेड म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा उजेड, सगळ्या रंगांत पसरलेला. दिव्यांबरोबर दीर्घिकाही अडवली जाणार. एम८२ या दीर्घिकेतून बाहेर पडणारे हायड्रोजनचे लाल फवारे काढायचे असतील तेव्हा त्याचा उपयोग, ती पुढची गोष्ट. जुने फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांवर चालायचे. ते दिवे उतरवून पांढरे एलईडी चढवणाऱ्यांत मीही होतो, आणि त्या पांढऱ्यात एकच असा रंग नाही की तेवढा गाळून टाकावा. हयात खांबांवर चढून दिवे लावण्यात गेली, आता निवृत्तीत अंधार हुडकत फिरतो. बायको म्हणते, फेडा.

८ इंची नळीत उजेड पावणेदोन पट येतो खरा, पण आकाशाचाही तेवढ्याच पटीत येतो. एफ/५ ला एफ/५ च घेतली तर भुजा आणि आकाश यांच्यातला फरक तसाच राहणार, फक्त चित्र मोठं होणार. शिवाय ती नळी, कॅमेरा आणि वारा मिळून एचईक्यू५ ला जड जातं.

आता मुद्दा. माझ्याकडे आकाशाचा काळेपणा मोजायचा मीटर आहे. पुण्यात मुलाच्या गच्चीवर तो १८ च्या आसपास दाखवतो, ओतूरच्या वर माळशेजकडे २१. आकडा प्रतीत असतो (तेजाचं माप, आकडा मोठा तितका काळोख जास्त), त्यामुळे ३ चा फरक म्हणजे आकाशाच्या उजेडात जवळपास १६ पट. आकाशच नडत असेल तर लागणारा वेळही त्याच हिशोबाने वाढतो. तुमच्या गच्चीवरच्या सव्वा तासाचं काम इकडे पाच मिनिटांत होतं. चाळीस हजारांची कुठली वस्तू एवढं देईल?

पण जायचं कुठे, हेही बघा. धायरीहून सोयीचं म्हणून तुम्ही पानशेत-वेल्ह्याकडे वळाल. अंधार तिकडेही आहे, पण तिथून पुणं ईशान्येला येतं आणि एम५१ उगवते नेमकी ईशान्येला, सप्तर्षींच्या शेपटाजवळ. एम८१, एम८२, एम१०१ या दीर्घिकाही उत्तरेच्याच. या सगळ्यांसाठी पुण्याच्या उत्तरेला या, म्हणजे शहर पाठीमागे दक्षिणेला राहतं. सेंटॉरस ए ही दक्षिणेची दीर्घिका काढायची असेल तेव्हा भोरकडे जा. ती आपल्याकडून जेमतेम २८ अंश वर येते, तिच्या पायाशी शहर नको.

पैसे गायडिंगवर घाला. ५० मिमीची छोटी नळी आणि छोटा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा घ्या, गायडिंगचं सॉफ्टवेअर पीएचडी२ फुकट आहे. काळ्या आकाशात ३० सेकंदांची फ्रेम पुरत नाही, कॅमेऱ्याचाच गोंगाट वरचढ होतो. तीन-चार मिनिटांच्या फ्रेम्स लागतात. तुमच्या नळीवर एक पिक्सेल म्हणजे साधारण एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग), आणि तेवढं बारीक एचईक्यू५ गायडिंगशिवाय धरणार नाही.

आणि जुन्नर तालुक्यात बिबट्या आहे, ही थट्टा नव्हे. उसाच्या कडेला माउंट मांडायचं नाही. ओळखीच्याचं अंगण किंवा घराची स्लॅब बघा, दोघं तरी असा. माउंटपाशी लाल टॉर्च ठीक आहे, चालताना पांढराच लावायचा. फ्रेम गेली तर जाऊ दे.

मुलुंड पूर्व

वायरमनकाकांचं गणित बिनचूक, पण सगळ्यांना निघता येत नाही. माझ्या घरी आई अंथरुणावर आहे, रात्री तिला एकटं ठेवता येत नाही. त्यामुळे माझं सगळं इमारतीच्या गच्चीवरून. एकाच दीर्घिकेवर रात्रीमागून रात्री ६०-६० सेकंदांच्या फ्रेम्स घेत राहायचं आणि शेवटी सगळ्या एकत्र स्टॅक करायच्या. डोक्यावरून जाणारंच काहीतरी निवडायचं, कारण शहरातही माथ्यावरचं आकाश त्यातल्या त्यात काळं असतं. सिंहेतलं त्रिकूट (एम६५, एम६६ आणि एनजीसी ३६२८) मार्चमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास जवळपास माथ्यावर येतं. तिन्ही एका चौकटीत बसतात.

फ्लॅट्स (एकसारख्या उजेडाच्या कोऱ्या फ्रेम्स, त्यांवरून फोटोतले काळवंडलेले कोपरे आणि धुळीचे डाग दुरुस्त होतात) काढता का? प्रश्नात उल्लेख नाही. गच्चीवर तो सगळ्यात मोठा फरक. नळीच्या तोंडावर धुतलेला पांढरा बनियन ताणून रबर लावायचं, सुरकुती राहू द्यायची नाही. पहाटे उजाडू लागलं की नळी माथ्याकडे करून, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) मध्यावर येईल अशा वीस-पंचवीस फ्रेम्स. फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन रात्रीचाच ठेवायचा, हलवला की धुळीची वर्तुळं चुकीच्या जागी दुरुस्त होतात. त्यानंतर सिरिलमध्ये पार्श्वभूमीचा उजेड काढून टाका, सिंहगड रस्ता बराच उतरेल.

आणि लांबचंच हवं असेल तर कन्येतला ३सी २७३ टिपून बघा. क्वेसार आहे (दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा), १३ व्या प्रतीच्या जवळचा. दिसतो ताऱ्यासारखा ठिपका, म्हणून तर शहरातून जमतो: सगळा उजेड मोजक्या पिक्सेलवर पडतो, भुजांसारखा पसरत नाही. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातल्या लालकडे सरकलेल्या रेषा ओळखल्या, तेव्हा कळलं की हा आपल्या आकाशगंगेतला नाहीच. तो उजेड सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी निघालाय! घरच्यांना फोटो दाखवलात तर ‘यातला कुठला?’ विचारतील. बाण काढून ठेवा.

धायरीची गच्ची

दोघांचेही आभार. फ्लॅट्स कधीच काढले नव्हते, आजपासून एक बनियन दुर्बिणीचा. फिल्टर आणि ८ इंची दोन्ही रद्द, गायडिंगची चौकशी सुरू केली. काका, पाडव्याच्या आधीची अमावास्या धरू का? बायकोची अट एकच, गुढी उभारायच्या आत घरी. आणि माउंटला वीज गाडीच्या बॅटरीवरून घेतली तर चालेल?

ओतूरचा वायरमन

अमावास्या उत्तम. पाडव्याच्या सुमारास एम५१ रात्री दीड-दोनला सर्वांत वर येते, तोवर मुलुंडच्या ताईंचं त्रिकूट करा. एम५१ साठी माउंटला तेव्हा पलटी मारावी लागेल (नळी माउंटच्या दुसऱ्या बाजूला घ्यावी लागेल), केबल अडकत नाही ना हे आधी घरी बघून ठेवा. साडेचारला आवरायला घेतलंत तर गुढीला पोचाल.

गाडीच्या बॅटरीवर अजिबात नको, पहाटे माळावर गाडी सुरू झाली नाही तर गुढी राहिली बाजूलाच. वेगळी १२ व्होल्टची न्या, मध्ये फ्यूज टाका. लॅपटॉपची सोय निराळी करा.

गच्चीवरच्या जुन्या फ्रेम्स पुसू नका. एम५१ मध्ये १९९४, २००५ आणि २०११ साली सुपरनोव्हा दिसलेत, आणि २०११ चा पहिल्यांदा टिपला तो हौशी लोकांनीच. पुढचा आला तर आधीची फ्रेम जवळ असलेली बरी.