पेशी विभागत नसते तेव्हा क्रोमोसोम कसे बसलेले असतात?

आबोली_डिचोली:
मुलगी बारावी सायन्सला आहे, काल रात्री अभ्यास करताना विचारते, आई पुस्तकात क्रोमोसोम, म्हणजे पेशीतले डीएनएचे धागे, एक्ससारखे काढलेत पण ते विभाजनाच्या वेळचे ना, मग बाकीच्या वेळी ते कसे असतात? माझं बीएस्सी होऊन वीस वर्षं झाली, एवढंच आठवलं की साधारण दोन मीटर डीएनए काही मायक्रॉनच्या न्यूक्लियसमध्ये, म्हणजे पेशीच्या केंद्रकात, मावतो. डोळ्यासमोर वाटीतल्या शिरवाळ्या आल्या, रस घातला की कुठली कुठे सुरू होते ते कळतच नाही. तेच सांगितलं तिला, पण मला स्वतःलाच पटेना, एवढं गुंतलेलं असेल तर वेळेवर ४६ क्रोमोसोम सुटे कसे होतात? चुकीचं शिकवायचं नाहीये, कुणीतरी नीट सांगा.

साखळीचे_सर:
ताई, शिरवाळ्या सोडा, गावातले वाडे धरा. धागा सैल झाला तरी प्रत्येक क्रोमोसोम आपल्या वाड्यातच घोळून राहतो, शेजाऱ्यात मिसळतो तो फक्त कडेकडेला. याला क्रोमोसोम टेरिटरी म्हणतात. बोव्हेरीने हे १९०९ मध्येच मांडलं होतं पण पुढे कित्येक वर्षं बहुतेकांच्या डोक्यात तुमच्या वाटीचंच चित्र होतं. ते खोडलं जर्मनीतल्या थोमास आणि ख्रिस्टोफ क्रेमर या भावांनी. त्यांनी हॅमस्टरच्या पेशी घेतल्या, न्यूक्लियसच्या एका बारीकशा ठिपक्यावर अतिनील लेसर मारला, पेशी विभाजनापर्यंत जाऊ दिली आणि मग पाहिलं की इजा कुणाकुणाला झालीय. सगळं गुंतलेलं असतं तर थोडी थोडी इजा जवळपास सगळ्यांना दिसायला हवी होती, दिसली मोजक्याच क्रोमोसोमना! दरवर्षी वर्गात मी हा प्रयोग सांगतोच, कारण काहीही न उघडता आतली मांडणी कशी ओळखायची ते मुलांना यातून कळतं. नंतर एकेका क्रोमोसोमला वेगळा रंग देता यायला लागला आणि वाडे डोळ्यांनीच दिसले.

दूधसागर७:
सर, फक्त वाडा म्हटलं की मुलांना वाटेल पत्ता कायमचा ठरलेला, तसं नाहीये. शेजारी पेशीगणिक बदलतात, कल मात्र ठरलेला असतो. १८ आणि १९ नंबरचे क्रोमोसोम बघा, लांबीत फार फरक नाही, पण १९ वर जीन्स खच्चून भरलेत, तो न्यूक्लियसच्या मध्याकडे सापडतो, आणि १८ वर जीन्स कमी, तो कडेला, भिंतीजवळ. माणसाच्या लिम्फोसाइटमध्ये (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीत) १९९९ साली हे दाखवलं गेलं. भिंतीला लॅमिन नावाच्या प्रथिनाचं अस्तर असतं, त्याला टेकलेला भाग बहुतेक बंद असतो, म्हणजे तिथले जीन्स काम करत नाहीत. आणि उंदरासारख्या निशाचर प्राण्यांच्या डोळ्यातल्या रॉड पेशींत (अंधारात बघायला लागणाऱ्या) उलटं, बंद पडलेला घट्ट भाग मधोमध गोळा होतो आणि प्रकाश पुढे न्यायला बारीक भिंगासारखा उपयोगी पडतो. मला तर हे वाचून रात्री झोपच आली नाही.

मांडवीकाठ:
मी आधी मुंबईत एका सायटोजेनेटिक्स लॅबमध्ये (जिथे क्रोमोसोम तपासतात) होते, म्हणून त्या एक्सबद्दल लिहिते. ते चित्र मिळवायला आम्ही आतली मांडणी मुद्दाम मोडायचो. कोल्चिसिन घालून विभाजन मध्येच थांबवायचं, मग पातळ पोटॅशियम क्लोराइडमध्ये पेशी फुगवायच्या, तीन भाग मिथेनॉल एक भाग ॲसेटिक ॲसिडमध्ये फिक्स करायच्या आणि थेंब वरून ओल्या थंड स्लाइडवर सोडायचा, पेशी पसरते आणि क्रोमोसोम सुटे होतात. पहिले कित्येक थेंब माझे नीट पसरायचेच नाहीत, सगळे एकावर एक! म्हणजे पुस्तकातलं चित्र खरं आहे पण कोण कुणाशेजारी होता ते त्यात उरलेलं नसतं. आणि शेजार महत्त्वाचा असतो हो. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ नंबरचे क्रोमोसोम तुटून एकमेकांना चुकीचे जोडले जातात, आणि रक्तपेशींत हे दोघे अनेकदा जवळजवळ सापडतात. मुलीला हे नक्की सांगा.

आबोली_डिचोली:
सगळ्यांचे मनापासून आभार! सकाळी तिला लोकरीचे दोन रंगांचे गुंडे दिले, आधी दोन्ही धागे मिसळून ओढायला लावले, गाठी पडल्या, मग वेगवेगळे ठेवून ओढायला लावले, ते सरळ निघाले. लगेच पुढचा प्रश्न, विभाजन झाल्यावर प्रत्येकजण आपल्या जुन्या वाड्यात परत जातो का?

साखळीचे_सर:
हुबेहूब नाही. नव्या दोन पेशींची मांडणी एकमेकींशी बरीच जुळते पण आईपेशीसारखीच असेल असं नाही, १९ आतल्या बाजूला आणि १८ कडेला हा कल मात्र परत येतो. तिला म्हणावं असेच प्रश्न विचारत राहा, आणि लोकरीचा प्रयोग मी सोमवारी वर्गात करून बघतो.